आदितवारचा कडप्पा

कुंभकोणमला माझी बदली झाली तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते आणि तोवर कऱ्हाड, सातारा, सांगली एवढ्या टापूबाहेर कधी राहिले नव्हते. बँकेत बढती घेतली की परराज्यात जावं लागतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी अर्ज केला, परीक्षा दिली, मुलाखतीत सगळ्या प्रश्नांना नीट उत्तरं दिली. आदेश हातात पडल्यावर मात्र हे सगळं दुसऱ्याच कुणीतरी केल्यासारखं वाटायला लागलं. मी एकटी. आई भावाकडे. जाण्यावाचून काही अडलं नव्हतं आणि न जाण्यालाही कारण नव्हतं.

शाखेतल्या एका सहकाऱ्याने जागा शोधून ठेवली होती. "घरमालक तुमचेच आहेत, मराठी," तो इंग्रजीत म्हणाला तेव्हा मला केवढा धीर आला! सामान घेऊन मी दारात उभी राहिले. साठी ओलांडलेल्या, ठेंगण्या, केसांत मोगरा माळलेल्या बाई बाहेर आल्या आणि भराभर काहीतरी बोलल्या. मला एक अक्षर कळलं नाही. तमिळ असावं असं समजून मी हिंदीत विचारलं, "जी?"

बाईंचा चेहरा पडला. मग सावकाश, मला एकेक शब्द ऐकू जावा अशा बेताने त्या म्हणाल्या, "मी मराठींतच बोलूलागलें. तुज समजेना?"

हे असं मी कानांनी ऐकलं तसं लिहिते आहे. बरोबर असेलच असं नाही. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आलेले. त्यांच्या घरात तेव्हाची मराठी राहिली होती, तिच्यावर तमिळचा हेल चढला होता आणि मधूनमधून अख्खे तमिळ शब्दच येऊन बसले होते. त्या 'सगळे'ला 'अवघे' म्हणायच्या, 'गरम'ला 'ऊन', 'रविवार'ला 'आदितवार'. माझं बोलणं ऐकून त्या म्हणाल्या, "तू तर इंग्रजीच बोलतेस." मी चक्रावले. मग लक्षात आलं की मी एका वाक्यात टाइम, प्रॉब्लेम आणि अ‍ॅडजस्ट हे तीन शब्द वापरले होते. सारी गल्ली त्यांना मामी म्हणायची म्हणून मीही म्हणू लागले, आणि दर वेळी मला सांगलीची माझी खरी मामी आठवून गोंधळल्यासारखं व्हायचं. त्यांचे यजमान निवृत्त शाळामास्तर होते. त्यांना मी काका म्हणायचे. ते कानांनी थोडे अधू होते आणि मला अहो-जाहो करायचे.

वरच्या मजल्यावर एक खोली, छोटं स्वयंपाकघर आणि गच्ची. अट एकच, अंडंसुद्धा नको. मामींच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात कांदा क्वचित आणि लसूण कधीच नाही. वर मी लसूण वापरला तर चालेल का, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी क्षणभर छताकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "वर असो."

पहिले चार महिने कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही. वाईट काहीच घडलं नाही. शाखेतली माणसं चांगली होती. शेतीकर्जाच्या कामासाठी मी तिरुप्पनंदाळकडे जायचे. गावातली माणसं तमिळमध्ये बोलायची, मी मान डोलवायचे, बरोबरचा सहकारी भाषांतर करायचा. पाच मिनिटं बोललेल्या माणसाचं भाषांतर तो "हो म्हणतोय" एवढंच करायचा. जेवणाचंही तसंच. सांबार चांगलं, रसम चांगलं, दहीभात तर उत्तमच. ताट संपायचं, पण जेवले असं वाटायचं नाही. कऱ्हाडहून आणलेलं ज्वारीचं पीठ दुसऱ्याच महिन्यात संपलं. भावाने पुन्हा पाठवलं. त्याची भाकरी थापली, तर तीही परक्या घरच्यासारखी लागली. तेव्हा मात्र मी घाबरले. इथलं अन्न रुचत नाही हे समजू शकत होते. भाकरीही रुचत नाही याला काय म्हणायचं? डॉक्टरांनी रक्त तपासलं. सगळं ठीक होतं. फक्त ब्लाउज ढगळ होत चालले होते.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी स्वयंपाकाच्या ओट्याची फरशी तडकली. तडा आधीपासून असावा. मी मिक्सर लावला आणि एक तुकडा हलायलाच लागला. मी खाली गेले. काका ओसरीवर तमिळ पेपर वाचत बसले होते.

"काका, वरचा कडप्पा पार गेलाय," मी मोठ्याने म्हटलं.

त्यांनी पेपर खाली घेतला. चेहरा एकदम उजळला. "कडप्पा? उद्यां मिळेल. आदितवारीं."

"रविवारी? रविवारी कोणी येईल का?"

"अवघे येतात. गर्दी असते. तुम्ही सातांस जा. उशीर केला तर सरतें."

"मी जायचं?"

"मग? तें इकडे येईना." त्यांनी आतल्या बाजूला नजर टाकली आणि आवाज खाली आणून महामहम तलावाजवळच्या एका हॉटेलचा पत्ता सांगितला. "हिला सांगूं नका."

मी वर आले आणि बराच वेळ विचार करत बसले. हॉटेलात फरशीवाला कशाला बसेल? बसत असेल. आपल्याकडे नाही का सुतार आणि गवंडी नाक्यावर उभे राहत! पण मामींना का नाही सांगायचं? दुरुस्ती काढली की घरात वाद होत असतील, अशी मी समजूत करून घेतली. मग टेप घेऊन ओटा मोजला, लांबी-रुंदी एका कागदावर लिहिली आणि गजर लावून झोपले.

सकाळी सातला हॉटेल खच्चून भरलं होतं. गल्ल्यावरच्या माणसाला मी विचारलं, "कडप्पा?" त्याने एका रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं. मी बसले. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढलेला वाढपी आला. मी पुन्हा म्हटलं, "कडप्पा," आणि मापांचा कागद त्याच्यापुढे धरला. त्याने तो उलटा-सुलटा पाहिला, मला परत दिला आणि निघून गेला. परत आला तो एक ताटली घेऊन. केळीच्या पानाच्या तुकड्यावर दोन इडल्या. मग स्टीलच्या बादलीतून त्याने त्यांच्यावर फिकट पिवळं, दाटसर काहीतरी ओतलं.

"नो, नो. कडप्पा," मी म्हटलं.

"कडप्पा, कडप्पा," तो ताटलीकडे बोट दाखवत म्हणाला आणि पुढच्या टेबलाकडे वळला.

समोर बसलेल्या गृहस्थांनी माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मॅडम, धिस इज कडप्पा," ते शांतपणे म्हणाले. "ईट."

मी खाल्लं. दुसरं काय करणार?

शिजून मऊ झालेली मुगाची डाळ होती, कुस्करलेला बटाटा होता, ओलं खोबरं वाटून घातलेलं होतं. लसूण होता, चांगला ओळखू येण्याइतका. हिरवी मिरची, बडीशेप, कुठेतरी लवंग आणि शेवटी पिळलेलं लिंबू. तिखट म्हणावं तर नाही, सपक तर मुळीच नाही. मी हा पदार्थ कशासारखा लागतो ते शोधू लागले. आमच्या घरच्या कशाशीही त्याचं नातं लागेना. आमटी नव्हे, रस्सा नव्हे, कुर्मा म्हणावा तर तेवढा नटलेलाही नव्हे. लहानपणी हे कधी खाल्लं नव्हतं, कुणी करून घातलं नव्हतं. तरी दुसऱ्या घासाला माझे खांदे खाली आले. ते इतके दिवस वर उचललेले होते हेच मला माहीत नव्हतं. मी आणखी दोन इडल्या मागितल्या. मग आणखी दोन. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा समोरचे गृहस्थ म्हणाले, "स्पायसी?" मी मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी ते त्यांना कळलं नसावं, कारण मलाही कळलं नव्हतं.

रविवारी दुपारी आईचा फोन असायचा. "काय खाल्लंस?" तिने नेहमीप्रमाणे विचारलं.

"कडप्पा."

"अगं, बरं आहे ना तुझं?"

मी सगळी हकिकत सांगितली. ती खूप हसली, पण मग वकिलासारखं विचारू लागली. "म्हणजे आमटीसारखं का?"

"नाही गं."

"मग कशासारखं?"

"कशासारखंच नाही."

"मग आवडलं कसं?"

मी सहा इडल्या खाल्ल्याचं सांगितलं. आई म्हणाली, "जाऊ दे. खातेयस ना? खा."

त्यानंतर मी दर रविवारी जाऊ लागले. तिथे कडप्पा रविवारीच मिळायचा. आठवड्याचे इतर दिवस मी त्या दिवसाकडे बघत काढायचे आणि आपण एका डाळीच्या भरवशावर जगतो आहोत याची मला लाज वाटायची. एका रविवारी झोपून राहिले आणि साडेआठला पोचले. वाढप्याने रिकामी बादली दाखवली. "तीन्दु पोच्चु." संपलं. मी नीट शिकलेले हे पहिले तमिळ शब्द. मी तिथेच उभी राहिले. डाळ संपली म्हणून एका बँक अधिकारी बाईने भर हॉटेलात रडू आवरत उभं राहावं, हे मला स्वतःलाच समजत नव्हतं. तेवढ्यात आतल्या कोपऱ्यातून कुणीतरी हात केला. दाराकडे पाठ करून बसलेले काका वळून मला बोलावत होते. मी सातला येऊन लवकर निघायचे म्हणून ते आधी कधी दिसले नव्हते. त्यांच्यापुढे कडप्प्याची वाटी अर्धी भरलेली होती. त्यांनी ती माझ्याकडे सरकवली.

"लग्न जाहल्यापासून येतों," ते म्हणाले. "वाचनालयांत जातों म्हणून सांगतों. घरांत लसूण चालेना. तिला कळलें तर वाईट वाटेल."

त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली होती! मी वाटी संपवली. इथे कुणीतरी मला आपलं मानून गुपित सांगितलं याचा आनंद झाला, आणि मामींच्या छताखाली राहून हे गुपित बाळगायचं याची भीतीही वाटली.

भीती खरी ठरायला फार दिवस लागले नाहीत. ओट्याचं काम एकदाचं निघालं. साक्कोट्टैहून फरशीवाला आला आणि मामी देखरेखीला वर आल्या. फरशीवाला दगडावर हात आपटून 'कडप्पा, कडप्पा' म्हणत होता. मामी मला म्हणाल्या, "ह्याच नांवाचें एक खाण्याचेंही आहे. हॉटेलांतलें. लसणाचें. मी पाहिलेंही नाही."

एव्हाना मला त्यांची मराठी बरी समजायला लागली होती आणि ते दाखवायची मला हौस. मी त्यांच्याच ढंगात म्हणाले, "काका सांगतात, सातांस गेलें तर मिळतें."

शब्द सुटून गेल्यावर मला गुपित आठवलं. मामींनी माझ्याकडे पाहिलं. "हूं," म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

पुढचे काही दिवस त्या वर आल्या नाहीत. खालून भांडणाचा आवाज आला नाही, रडण्याचा नाही, नेहमीपेक्षा जास्त शांतताही नाही. रोजच्यासारखं सकाळी कॉफीचा वास आला, संध्याकाळी देवाची घंटा वाजली. मामी अंगणात दिसल्या की मी हसायचे, त्याही हसायच्या. राग असा असतो का? माझ्या घरी राग आला की भांडी आपटतात. इथे तो कसा ओळखायचा हे मला कुणी शिकवलं नव्हतं. त्या रविवारी काका हॉटेलात आले नाहीत. मी एकटी बसले. इडल्या तशाच होत्या, कडप्पा तसाच होता, आणि पहिल्या चार महिन्यांसारखा घास तोंडात फिरू लागला.

पुढच्या आठवड्यात बँकेला सुट्टी होती. दुपारी दार वाजलं. मामी उभ्या. एका हातात मुगाच्या डाळीचा डबा, दुसऱ्या हातात फोडलेला नारळ.

"लसूण आहे तुजपाशी?"

"आहे."

"मग कर."

"काय करू?"

"तें. कडप्पा."

"मामी, मला येत नाही."

"दर आदितवारीं खातेस आणि येईना?" त्या आत आल्या आणि नव्या ओट्यावर डबा ठेवला. मी डबा उघडत असतानाच त्या म्हणाल्या, "मज वास येईना, असें वाटलें तुम्हां दोघांस? चाळीस वर्षें मी त्याचे सदरे धुतले."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"तो आनंदानें परत येतो. बोललें असतें तर तो आनंद गेला असता." त्यांनी नारळ डब्याशेजारी ठेवला. मग वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "तुज सहा महिन्यांत सांगितलें. मज सांगेना."

इतके दिवस मी त्यांच्या रागाचं कारण शोधत होते. ते लसणात नव्हतं, खोटं बोलण्यातही नव्हतं. ते मी होते. यावर माफी मागावी तर कशाची मागावी? मी लसूण सोलायला बसले.

मामी लसणाला हात लावत नव्हत्या. सोलणं, वाटणं माझ्याकडे. डाळ, बटाटा आणि फोडणी त्यांच्याकडे. कृती दोघींनाही ठाऊक नव्हती. मी चवीवरून सांगायचे आणि त्या वासावरून. वाटण उकळायला लागलं की त्या वाकून हुंगायच्या. "लवंग कमी. त्याच्या सदऱ्याला लवंग येते." बडीशेप मी जास्त घातली तेव्हा त्यांना ते वास घेऊनच कळलं. ज्या पदार्थाचा एक घासही त्यांनी खाल्ला नव्हता तो त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ होता.

झाल्यावर मी वाटीत थोडं काढून दिलं. घेतील असं वाटलं नव्हतं. त्यांनी वाटी घेतली, खिडकीकडे तोंड केलं आणि उभ्यानेच एक चमचा खाल्ला. मग दुसरा.

"कसं झालंय?"

"ऊन आहे," त्या म्हणाल्या.

एवढंच. ते चांगलं की वाईट हे मी आजतागायत ठरवू शकलेले नाही. वाटी रिकामी करून त्यांनी जिन्यात जाऊन हाक मारली, "वर या!"

काका आले. पातेलं पाहिलं, मला पाहिलं, बायकोला पाहिलं आणि दारातच उभे राहिले. मामींनी पाट मांडला, सकाळच्या इडल्या खालून आणल्या आणि वाढलं. काकांनी मान खाली घालून खाल्लं. ताट संपवून ते म्हणाले, "हॉटेलाचें बरें."

मला वाटलं, आता संपलं सगळं. पण मामी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "मग तिथेच जा," त्या म्हणाल्या. "सांगून जा."

ते सांगून जाऊ लागले. दोन-तीन रविवार गेले आणि मग हळूहळू बंदच झाले. मी विचारलं, तर म्हणाले, "जावेंसें वाटेना." त्यांची एक मजा मी कायमची घालवली की काय, हा प्रश्न मला अजून सोडत नाही. मामी मात्र पंधरा दिवसांतून एकदा डाळ घेऊन वर येऊ लागल्या. खाऊन झालं की चुळा भरायच्या, हातपाय धुवायच्या आणि मगच खाली जायच्या. त्यांच्या हातचा कडप्पा हळूहळू त्यांच्या आमटीकडे झुकू लागला. चिंच आली, कढीलिंब वाढला. मला तोच आवडायला लागला. हॉटेलातला खाल्ला की काहीतरी कमी वाटायचं.

दोन वर्षं झाल्यावर साताऱ्याला परत जाण्याची संधी आली. याच संधीसाठी मी पहिल्या वर्षी तीन अर्ज केले होते. आता मी एक वर्षाची मुदतवाढ मागितली. व्यवस्थापकांनी कारण विचारलं. "वैयक्तिक," मी म्हणाले. आईला मात्र एका शब्दात गप्प करता येत नाही. तिला मी मामींबद्दल सांगितलं, काकांबद्दल, सदऱ्यांच्या वासाबद्दल. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "थंडी पडली की मीच येते. बघू तरी."

ती आली. पहिल्याच रविवारी मामी डाळ घेऊन वर आल्या आणि दोघी समोरासमोर बसल्या. आई कऱ्हाडी मराठीत भरभर बोलायची, मामी त्यांच्या मराठीत, आणि दोघी माझ्याकडे बघायच्या. मराठीचं मराठीत भाषांतर करता करता माझी पुरती दमछाक झाली. थोड्या वेळाने मी ते सोडून दिलं. त्यांचं काही अडलं नाही.

डाळ उकळू लागली तेव्हा आईने चव घेतली, तोंडातल्या तोंडात घोळवली. "चांगलंय की," ती म्हणाली. "पण थोडं दाण्याचं कूट हवं होतं."

"कूट म्हणजे?" मामींनी मला विचारलं.

मी शेंगदाण्यांचा डबा काढून दाखवला. मामींनी तो पाहिला, झाकण लावलं आणि बाजूला सरकवला. आईने तो पुन्हा जवळ ओढला. मामी म्हणाल्या, "होईना." आई म्हणाली, "एकच चमचा." मग दोघी एकदम माझ्याकडे वळल्या, निकाल मी द्यावा म्हणून. मी डाव हातात धरून पातेल्याजवळ उभी होते, डाळ खाली लागायला आली होती, आणि कुणाचं ऐकावं ते मला काही केल्या कळत नव्हतं.